बोलता काटा

आमच्या आक्काचा काटा बोलतो.
मिरचीची पिशवी ठेवली की
जरा दम घेऊन, बाईच्या आवाजात:
एक किलो, साडेसातशे ग्रॅम.
गिऱ्हाईक दचकतं, मग हसतं,
मग आक्कालाच विचारतं, बरोबर आहे ना?
त्यालाच विचारा, आक्का म्हणते,
तो अजून खोटं शिकला नाही.

फेब्रुवारीत दोंडाईच्याला ठसका लागलेला असतो.
पत्र्यावर लाल, पोत्यावर लाल, लुगड्याच्या काठावर लाल.
डंकाजवळ बसून तिच्याही डोळ्यांना पाणी येतं.
लोकांना याचं फार नवल.

डंकाच्या चालू बटणावर खड्याची एक टिकली,
बंदच्या बटणावर दोन.
रंग कुठला का असेना, म्हणाली होती,
तरी मी मरून आणल्या.
दिवाळीला जुन्या काढून नव्या लावते, पूजेआधी.

त्याच्याआधी चौदा वर्षं
मी तिचे डोळे होतो.
असं लोक म्हणायचे
आणि मी म्हणू द्यायचो.
लाईटबिल, लग्नपत्रिका, गोळ्यांचं पाकीट, पासबुक,
मी वाचीन तेवढंच लिहिलेलं असायचं.
मला मॅच बघायची असली
की पत्रिकेतला आहेराखालचा मजकूर गळायचा,
मामांच्या मुलीची हळद एक दिवस आधी होती
हे आम्हाला हळद उतरल्यावर कळलं.

मग धुळ्याच्या शिबिरातून फोन आला.
सायमा नावाच्या पोरीनं तीन दिवस बसून
तिचं बोट काचेवर फिरवायला शिकवलं.
फोन बातम्या दिल्यासारखं मराठी बोलतो.
आक्कानं पहिल्याच रात्री विचारलं,
कसा शे रे भो?
तो म्हणाला, समजलं नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा.
वर्ष झालं, त्याला अहिराणी येईना.
हिला मात्र त्याची भाषा आली.
चहात साखर कमी पडली की कप सरकवून म्हणते,
कृपया पुन्हा प्रयत्न करा.

नोट समोर धरली की तो सांगतो पन्नास, दोनशे.
मळकी असली तर गप्प बसतो.
तेव्हा आक्का बोटांनीच मापते, बोटांची सवय जुनी.
लाईट गेली, चार्जिंग संपलं
की भिंतीला टेकून लाईटची वाट बघते,
मला हाक मारत नाही.
मी मात्र हाकेच्या अंतरावरच असतो.

एका दुपारी ट्रंकेतलं जुनं पासबुक काढून
तिनं फोन त्याच्यावर धरला.
तेरा जून. काढले. चार हजार.
दोन जुलै. काढले. अडीच हजार.
त्या आवाजाला ना राग, ना लाज,
ओळीमागून ओळ वाचत गेला.
मी दारात उभा, एका हातात
मोटरसायकलची चावी.
डंक बंद होता. पलीकडच्या गल्लीत कोणीतरी शिंकत होतं.
पान संपलं. तिनं पुढचं उलटलं नाही.
पासबुक मिटून मांडीवर ठेवलं, म्हणाली,
मालाची गाडी चारला येणार आहे ना?

हो, म्हणालो.
एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी पांढरी काठी घेऊन
ती एकटी बँकेत निघाली.
बँकेला आता उतार केलाय,
उताराच्या वरच्या टोकाला कुलूपबंद दार.
ते मी तिला सांगितलं नव्हतं.
टक टक, गटाराची फरशी तुटलेली, टक,
हातगाडी, कोणाची तरी बकरी, टक,
मी वीस पावलं मागे, चपला हातात घेऊन.
पोस्टाच्या कोपऱ्यावर ती थांबली.
मीही थांबलो, श्वास धरून.

मान न वळवता म्हणाली,
मांगे-मांगे कसाले यी ऱ्हायना रे?
घर जाय.
आनि चपला घाल पायमा, काचा शेतस.